लेकरं खो-खोची, म्युझियम क्रिकेटचं : वाचकांचे प्रश्न

खेळांच्या इतिहासाची म्युझियम बघायला जायचं तर काय तयारी करायची, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. सगळी पत्रं घेता येत नाहीत, यावेळी पाच घेतली. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण त्या सरांनी विचारलेलं बाकीच्या चौघांच्याही कामाचं आहे.

प्रश्न : नमस्कार. मी कळंब तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे, खेळाचा तास माझ्याकडंच असतो. सातवी-आठवीची चाळीसेक लेकरं, त्यातली निम्मी खो-खोच्या टीममधली. सहल म्हणलं की दरवर्षी तेच वॉटरपार्क नाहीतर देवदर्शन, म्हणून औंदा मी पुण्याचं क्रिकेट म्युझियम सुचवलं तर स्टाफरूममधी म्हणायलेत की खो-खोच्या लेकरांना बॅटी दाखवून काय करायचं, पालकांचे पैसे कशाला घालवायचे. मला मनातून वाटतंय न्यावं. नेऊ का, अन् न्यायचं तर प्लॅनिंग कसं करू?
— एक शिक्षक, कळंब, जि. धाराशिव

उत्तर : सर, न्या. पण स्टाफरूममधला तो प्रश्न उडवून लावू नका, चांगला प्रश्न आहे आणि तोच लेकरांच्या हातात देऊन त्यांना आत सोडा. की बाबांनो, इथं आपला खेळ का दिसत नाही?

कारण बघा, क्रिकेटला बॅट आहे, बॉल आहे, पॅड, ग्लोव्ह्ज, टोपी, स्वेटर, एक खेळाडू रिटायर झाला की मागं खोलीभर सामान उरतं आणि ते काचेत मांडता येतं. खो-खोत मागं काय उरतं? दोन खांब, फक्कीच्या रेषा आणि सोललेले गुडघे. कबड्डीला तर खांब पण नाहीत. म्हणजे ज्या खेळांना सामान लागत नाही, जे आपल्याकडं गावोगाव फुकटात खेळले गेले, त्यांचा इतिहास काचेच्या कपाटात फार कमी पोचतो, तो माणसांच्या आठवणीत असतो, जुन्या सर्टिफिकेटात आणि भिंतीवरच्या ग्रुप फोटोत असतो. खो-खो खेळणाऱ्या लेकराला हे तेराव्या वर्षी कळलं तर सहलीचा पैसा वसूल झाला असं मी तरी म्हणेन.

आता प्लॅनिंग. पुण्यातलं ब्लेड्स ऑफ ग्लोरी हे क्रिकेट म्युझियम सहकारनगरला आहे, 2012 मध्ये सचिन तेंडुलकरच्या हस्ते सुरू झालं, रोहन पाटे यांनी उभं केलंय. खेळाडूंनी खरोखर वापरलेल्या, सह्या केलेल्या बॅटी आणि बाकीच्या वस्तू तिथं आहेत. स्वारगेटपासून लांब नाही, त्यामुळं एसटीनं येणाऱ्यांना सोयीचं पडतं. वेळ, तिकीट आणि एका वेळेला किती मुलं आत घेतात हे फोन करून आधी विचारा, शाळेच्या लेटरहेडवर अर्ज पण पाठवा. चाळीस लेकरं एकदम आत घालू नका ही माझी कळकळीची विनंती, कारण मागच्या रांगेतल्याला समोरच्याच्या डोक्याशिवाय काही दिसत नाही. दोन बॅच करा. एक आत असेल तेव्हा दुसरी स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमला बाहेरून चक्कर मारून येईल, तिथं त्यांना सांगा की 1996 च्या वर्ल्डकपमध्ये 29 फेब्रुवारीला इथंच केनियानं वेस्ट इंडिजला 93 धावांत गुंडाळलं होतं. केनियाच्या 166 होत्या. एवढ्याशा टीमनं एवढ्या मोठ्या टीमला हरवलं हे लहान गावच्या लेकरांना बरोबर समजतं, लय समजावून सांगावं लागत नाही.

आत गेल्यावर सगळं बघायचा आग्रह धरू नका. प्रत्येकाला एकच काम द्या. कुणाला म्हणा, सगळ्यात पातळ कडेची बॅट शोध. जुन्या बॅटीची कड बोटाएवढी दिसते, नवीन बॅट बाजूनं बघितली की कड चांगली जाड, म्हणून तर 2017 पासून नियमातच घालावं लागलं की कड 40 मिलिमीटरच्या वर नको आणि जाडी 67 च्या वर नको. रुंदीची मर्यादा मात्र 108 मिलिमीटर, ती अठराव्या शतकापासून जवळपास तशीच, कारण त्या काळी इंग्लंडमध्ये एक जण स्टंपाएवढी रुंद बॅट घेऊन खेळायला उतरला होता. शाळेत आदल्या दिवशी पट्टीनं 40 आणि 108 मिलिमीटर वहीवर आखून घ्या म्हणजे तिथं काचेबाहेरून बघताना अंदाज येतो. दुसऱ्या कुणाला म्हणा, बॅटीवर लाल ठसे कुठं जास्त आहेत ते बघ. ठसे मधोमध एका जागी दाटलेले असले तर तो फलंदाज बॉल मधोमध घेत होता, कडेला विखुरलेले असले तर त्याला त्रास झालेला दिसतो. हातात बॅट न धरलेलं लेकरूपण हे वाचू शकतं. एखाद्या मुलीला सांगा, बाईमाणसाची वस्तू कुठं दिसते का शोध, आणि किती दिसल्या ते मोजून आण.

आणि एक नाव लेकरांना आधीच सांगून ठेवा, बाळू पालवणकर. डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यावर मैदानाची कामं करायचा, नेटमध्ये साहेबांना बॉल टाकायचा, तिथून, धर्मावर टीम पडायच्या त्या काळातल्या हिंदू संघात गेला आणि 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराच्या वर विकेट घेतल्या. जात चांभार, म्हणून मैदानावर ज्याच्या बॉलवर मॅच जिंकायची त्याच्या हाताला चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात. कॅप्टनशिप त्याला दिली नाही, ती पुढं 1923 मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाली. कोणत्याही क्रिकेट म्युझियममध्ये गेलात तर लेकरांना विचारायला लावा की बाळूचं इथं काय आहे. असलं तर थांबून बघा, नसलं तर का नाही यावर परतीच्या गाडीत बोला.

आता खो-खोचं. पुण्यात जायलाच लागलात तर डेक्कनवर लेकरांना उतरवा. खो-खोचे नियम 1914 च्या सुमारास बांधले गेले ते डेक्कन जिमखान्यावर. त्याच जिमखान्याच्या शर्यतींतून पुढं दोराबजी टाटांनी 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवले. सदस्यांची जागा आहे, आत नाही सोडलं तरी हरकत नाही, रस्त्यावर उभं राहून पाच मिनिटं सांगा की तुम्ही रोज ज्या नियमानं पळता ते इथं लिहिले गेले. आणि नियम इथं लिहिले पण खेळून दाखवलं आपल्याकडच्या पोरींनी, हे पण तिथंच सांगा. धाराशिवच्या सारिका काळेला 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोला 22 वर्षांनी. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला खो-खो वर्ल्डकप झाला, भारताच्या मुलींनी फायनलला नेपाळला 78-40 नं हरवलं, कॅप्टन प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली.

खर्चाचं म्हणाल तर शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात गाडी देते, आगारात लवकर अर्ज टाका, डिसेंबर-जानेवारीत सगळ्याच शाळांची झुंबड असते. शिक्षण विभागाची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, मुलींसोबत शिक्षिका, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. पहाटे निघा, दुपारपर्यंत पोचाल, डबा घरचाच घ्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिवसभर टिकते. त्या दिवशी म्युझियम आणि डेक्कन एवढंच ठेवा. वाटेत अजून तीन ठिकाणं घुसडली की लेकरं शेवटच्या ठिकाणी पेंगतात आणि म्युझियम बहुतेक शेवटच्याच ठिकाणी येतं.

प्रश्न : माझे वडील 76 वर्षांचे आहेत, तरुणपणी कुस्ती खेळायचे, आजूबाजूच्या जत्रांतल्या फडावर नाव होतं त्यांचं. आता गुडघ्यांमुळं फार चालता येत नाही पण मन अजून आखाड्यातच आहे. त्यांना खेळाचं एखादं म्युझियम दाखवावं म्हणते, मुंबईला नेऊ की कुठं?
— एक लेक, जालना

उत्तर : ताई, त्यांना कोल्हापूरला न्या. कुस्तीचं खरं म्युझियम म्हणजे खासबाग मैदान, शाहू महाराजांनी बांधलेलं, 1912 चं. मैदान खोलगट आहे, मधी हौद, म्हणजे कुस्तीच्या मातीचा आखाडा, आणि चारी बाजूंनी चढत जाणारी बैठक, त्यामुळं लांब बसलेल्यालापण पैलवानाची पकड दिसायची. वडिलांना सगळं फिरायची गरज नाही, वरच्या कडेला सावलीत बसवा, बाकीचं तेच तुम्हाला सांगतील. सकाळी एखाद्या तालमीत जाता आलं तर बघा, गंगावेस किंवा मोतीबाग. आधी वस्तादांना विचारा, चपला बाहेर काढा, हौदात पाय टाकू नका. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेल्या त्या लाल मातीचा वास आला की तुमच्या वडिलांना वेगळं काही दाखवावं लागणार नाही.

पुणे-सातारा मार्गे गेलात तर कराडजवळ गोळेश्वर लागतं, खाशाबा जाधवांचं गाव. 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना तिकडं जायला पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर 7000 रुपयांना गहाण ठेवलं होतं. वडिलांना ही गोष्ट माहीत असणारच, नातवंडांना माहीत नसेल तर गाडीत त्यांच्याच तोंडून ऐकवा. खाशाबांचा जन्मदिवस 15 जानेवारी, आता तो राज्याचा क्रीडादिन आहे, त्या सुमारास थंडी पण असते म्हणजे प्रवास सोपा. पावसाळ्यात मात्र जाऊ नका, कोल्हापूरचा पाऊस आपल्यासारखा नाही, उघड्या मैदानात काही बघता येत नाही.

वडील 75 च्या वर आहेत म्हणजे एसटी त्यांना फुकट, तुम्हाला अर्धं तिकीट, आधार कार्ड ओरिजनल जवळ ठेवा. एका दमात जाऊ नका, पुण्यात मुक्काम करा. रेल्वे हवी असेल तर परभणी-लातूरवरून कोल्हापूरची गाडी आहे पण ती रोज नसते, वार बघून रिझर्व्हेशन करा आणि खालचा बर्थच मागा.

प्रश्न : आम्ही क्लबची आठ पोरं, सगळी क्रिकेटवाली. वानखेडेत नवीन म्युझियम झालंय म्हणे. एका दिवसात जाऊन येणं होतं का? बजेट कमी आहे.
— परभणी

उत्तर : होतं, आरामात होतं. देवगिरी एक्सप्रेसला रात्री बसा, सकाळी सीएसएमटीला उतरता, रात्री परत तीच गाडी. हॉटेलचा खर्च नाही. म्युझियम मुंबई क्रिकेट असोसिएशनचं आहे, शरद पवारांच्या नावानं, 2025 मध्ये स्टेडियममध्येच सुरू झालं, दारात गावसकरांचा पुतळा आहे. मॅचच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी जाऊ नका, सगळीकडं बंदोबस्त असतो, वेळ आणि तिकीट असोसिएशनच्या साईटवर बघूनच रेल्वेचं बुकिंग करा, उलटं करू नका.

स्टेशनवरून टॅक्सी करू नका रे, चालत जा. बाहेर पडलं की आझाद मैदान. 1988 च्या फेब्रुवारीत हॅरिस शील्ड या शाळांच्या स्पर्धेत तेंडुलकर आणि कांबळीनं 664 ची पार्टनरशिप केली ती इथं, एक नाबाद 326 आणि दुसरा नाबाद 349. शाळेतली पोरं होती दोघं. त्याच मैदानाच्या टोकाला बॉम्बे जिमखाना, तिथं 15 डिसेंबर 1933 ला भारतातली पहिली टेस्ट सुरू झाली आणि लाला अमरनाथांनी 118 मारले. पुढं ओव्हलवर थोडा वेळ उभं राहा, एकाच मैदानात इतक्या मॅच चालू असतात की कुणाचा फिल्डर कुणाच्या पिचजवळ उभा आहे कळत नाही, तरी पोरं खेळत राहतात. मग चर्चगेट ओलांडलं की वानखेडे. संध्याकाळी मरीन ड्राईव्हनं चाला, हिंदू, इस्लाम, पारशी असे जिमखाने ओळीनं लागतात, धर्मावर टीम पाडून खेळायच्या त्या जुन्या स्पर्धा, ज्या 1946 नंतर बंद झाल्या, त्या काळाच्या खुणा आहेत त्या. याला एक रुपया लागत नाही आणि मला विचाराल तर म्युझियमच्या आधी हे बघितलं की आतलं जास्त कळतं.

प्रश्न : शिकायला लंडनला जायलोय. लॉर्ड्सचं म्युझियम बघण्यासारखं आहे का?
— अंबाजोगाई

उत्तर : आहे. स्टेडियमच्या टूरमध्ये येतं, टूर आधी ऑनलाईन बुक करा, मॅचच्या दिवसांत बंद असते. ॲशेसचा, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया टेस्ट सिरीजचा, कलश बघून आश्चर्य वाटेल, फक्त 11 सेंटिमीटर उंच आहे. आणि ती चिमणी चुकवू नका, 1936 मध्ये जहांगीर खान यांच्या बॉलनं मेलेली, पेंढा भरून त्याच बॉलसोबत ठेवलीय. बाल्कनीत गेलात तर 1983 चा वर्ल्डकप आठवाच.

प्रश्न : आजोबा वारले, त्यांच्या पेटीत कबड्डीची मेडलं, जुने ग्रुप फोटो, एक बनियन आणि वर्तमानपत्राची कात्रणं निघाली. घरचे म्हणतात लॅमिनेशन करून भिंतीवर लावू. एखाद्या म्युझियमला द्यावं का?
— नातू, नांदेड

उत्तर : दादा, पहिल्यांदा लॅमिनेशन थांबवा. एकदा केलं की निघत नाही, आत कागद पिवळा पडत जातो आणि उष्णतेनं फोटो खराब होतो. सेलोटेपपण नको. मेडलं चिंच लावून घासू नका, काळपटपणा राहू द्या, घासलं की त्याच्यावरची बारीक अक्षरं जातात आणि साल, स्पर्धा, गाव सगळं त्या अक्षरांतच असतं.

बनियन धुवायची घाई करू नका, साध्या धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळा, घडीच्या रेघेवर फाटतं म्हणून अधूनमधून घडी बदला. डांबरगोळ्या थेट कपड्यावर ठेवू नका. पत्र्याची पेटी माळवदावर किंवा पत्र्याच्या खोलीत असेल तर खाली आणा, आपल्याकडच्या मे महिन्यात तिथं काय तापतं ते तुम्हाला माहितीय. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात दमट हवा कोंडते, त्यापेक्षा पुठ्ठ्याचा कोरडा खोका बरा.

सगळ्यात घाईचं काम मात्र वेगळंच आहे. ते ग्रुप फोटो घेऊन आजोबांबरोबर खेळलेलं कुणी जिवंत असेल तर या आठवड्यातच जा. कोण कुठं उभं आहे, साल कोणतं, मॅच कुठं झाली, कप कुणी दिला, हे विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करा, त्यांना आधी सांगून. मग फोटोच्या मागं मऊ पेन्सिलनं हलक्या हातानं नावं लिहा, पेन नको, शाई पुढं उमटते. आणि समोरून-मागून चांगले स्कॅन काढून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

देण्याचं म्हणाल तर घाई नको. कुठल्याही म्युझियमला किंवा संस्थेला द्यायचं झालं तर तोंडी देऊ नका. कायमचं दिलं की काही वर्षांसाठी ठेवायला दिलं, हे कागदावर हवं, प्रत्येक वस्तूची यादी, फोटो, पोच, आणि आजोबांचं नाव खाली लागणार का ते पण. मांडणार नसतील, नुसतं गोडाऊनला टाकणार असतील, तर सध्या घरी ठेवलेलं चांगलं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी 1936 ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं जाऊन आपले देशी खेळ दाखवले होते, म्हणजे आपल्या खेळांनी किती लांबची मजल मारलीय बघा, आणि तरी आज कबड्डीची जुनी वस्तू शोधायला गेलं तर घराघरातल्या पेट्याच उघडाव्या लागतात. तुमच्याकडची उघडलीय. ज्या शाळेत किंवा मंडळात आजोबा खेळले तिथं फोटोंच्या मोठ्या कॉप्या लावता येतात का ते आधी विचारा, ओरिजनल तुमच्याकडंच राहू द्या. आणि त्या बनियनवर नंबर किंवा मंडळाचं नाव दिसत असेल तर त्याचा फोटो आम्हाला पाठवा, नांदेडकडच्या जुन्या संघांची ओळख पटवायला आमच्या वाचकांतले काही जुने खेळाडू मदत करतील.